पहिली कादंबरी संपादकाकडे नेताना

कादंबरीचा खर्डा पूर्ण झाला, घरच्यांनी आणि दोन-तीन मित्रांनी वाचला, सगळे ‘छान जमलंय’ म्हणाले. पण मधल्या प्रकरणांतला एकही प्रसंग कुणाच्या बोलण्यात आला नाही. अशा वेळी शुद्धलेखन तपासणारा माणूस उपयोगाचा नसतो. कथानक, पात्रं, निवेदन आणि प्रसंगांचा क्रम यांवर नेमकं बोट ठेवणारा संहिता-संपादक लागतो. त्याच्याकडे कधी जायचं, काय घेऊन जायचं, पैशांचं आणि हक्कांचं काय ठरवायचं आणि आलेल्या सूचनांचं पुढे काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं कादंबरीची आहेत, पण कथासंग्रहाला किंवा अनुभवपर लेखनालाही यातलं बरंचसं लागू पडतं.

कोण काय करतं

संहिता-संपादक सगळं पुस्तक एकत्र बघतो. गोष्ट कुठून सुरू व्हायला हवी, कोणतं पात्र जास्तीचं आहे, वेग कुठे मंदावतो, निवेदकाला माहीत नसलेली गोष्ट तो सांगतोय का, हे त्याचे प्रश्न. भाषा-संपादक वाक्यावाक्यावर काम करतो. मुद्रितशोधक सगळ्यात शेवटी, पानं लागल्यावर प्रूफं वाचतो. हा क्रम उलटला की पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. आधी हौसेनं मुद्रितशोधन करून घेतलेली चाळीस पानं संहिता-संपादनात पूर्ण उडाली, असं सर्रास घडतं.

मार्गदर्शकाचं काम वेगळं. लिहिणं चालू असताना तो सोबत असतो, पंधरवड्याला एखादं प्रकरण वाचतो आणि एका पुस्तकापेक्षा लेखकाच्या सवयींकडे जास्त लक्ष देतो. खर्डा अर्ध्यात अडकला असेल तर मार्गदर्शक शोधा. खर्डा पूर्ण असेल तर संपादक. अर्धी कादंबरी संपादकाला दाखवून फारसं हाती लागत नाही, कारण शेवट माहीत नसताना सुरुवात चुकली आहे का, हे त्यालाही सांगता येत नाही.

मराठीत ही दोन्ही कामं एके काळी मासिकांचे संपादक करत. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचा लेखकांशी चालणारा पत्रव्यवहार आणि त्यांनी करून घेतलेली पुनर्लेखनं हा आपल्या साहित्याच्या इतिहासाचाच भाग आहे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. आज हे काम काही प्रकाशनसंस्थांमध्ये आणि मोजक्या दिवाळी अंकांच्या संपादकांकडे टिकून आहे, आणि स्वतंत्रपणे मानधनावर काम करणारे संपादकही आहेत.

जाण्याआधी स्वतः करायचं काम

खर्डा संपल्यावर चार ते सहा आठवडे तो उघडू नका. मग छापून घ्या, ए-फोर कागदाच्या एका बाजूला, दुप्पट ओळ-अंतर ठेवून. पहिलं वाचन हातात पेन न घेता, शक्य तितक्या कमी बैठकांत करा. आपलंच लिखाण वाचताना नजर ज्या पानांवरून भरभर सरकते, त्या पानांचे आकडे तेवढे टिपून ठेवा.

त्यानंतर प्रसंगांची यादी. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे कित्येक आठवडे त्यानेच वाचतात, म्हणून ते टाळू नका. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ: कोण, कुठे, कधी, आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदललं. साठ हजार शब्दांच्या कादंबरीत साधारण चाळीस ते साठ ओळी होतात. ‘काय बदललं’ हा रकाना जिथे भरता येत नाही, तो प्रसंग संशयित समजा. असे तीन प्रसंग ओळीनं आले, तर वाचक पुस्तक बहुतेक तिथेच खाली ठेवतो. ‘कधी’ हा रकाना भरताना आणखी चुका सापडतात: जून महिन्यात मोहोर, मंगळवारी भरणारी रविवारची शाळा, सात महिन्यांत नववीतून कॉलेजात गेलेली मुलगी.

यादी बघून जे दुरुस्त करता येईल ते आधी करून टाका. बदल करायला बसल्यावर फक्त शब्द इकडचे तिकडे होत असतील, तर स्वतःला दिसण्यासारखं सगळं दिसून झालं आहे. ती संपादकाकडे जायची वेळ. जे दोष स्वतःलाच माहीत आहेत ते दुसऱ्याकडून ऐकण्यासाठी मानधन देऊ नये.

फाइल कशी असावी

युनिकोडमध्ये टाइप केलेली एकच वर्ड फाइल द्या. प्रकरणागणिक वेगळ्या पंचवीस फाइली देऊ नका. मजकूर श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये असेल तर आधी रूपांतर करून घ्या आणि रूपांतरानंतर पूर्ण मजकूर डोळ्यांखालून घाला. यात सगळ्यात जास्त मोडतात ती ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ असे शब्द, रफार आणि अवतरणचिन्हं. ‘ऱ्या’च्या जागी कुठे ‘र्या’ तर कुठे चौकोन उमटतो. तो शोधून बदलता येतो, पण प्रत्येक फाँटची मोडतोड वेगळी असल्यामुळे दोन-तीन पानांवर आधी करून बघा.

पानांना क्रमांक हवेत. फाइलच्या नावात शीर्षक, खर्ड्याचा क्रमांक आणि तारीख असू द्या. ‘कादंबरी अंतिम’, ‘कादंबरी अंतिम नवीन’ अशी नावं ठेवली की कधी ना कधी संपादक जुन्याच खर्ड्यावर आठवडाभर काम करून बसतो.

फाइलसोबत तीन गोष्टी द्या. एक पानाचा सारांश, शेवटासकट. शेवट लपवण्यात अर्थ नाही, समोरचा माणूस गोष्टीची उत्कंठा अनुभवायला बसलेला नाही. दुसरी, प्रसंगांची यादी. तिसरी, एक छोटं पत्र: ही कादंबरी कशाबद्दल आहे असं तुम्हाला वाटतं, ती कोणी वाचावी, आणि तुम्हाला स्वतःला पडलेले तीन प्रश्न. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न नव्हे. ‘थोरल्या भावाचा निर्णय पटतो का?’, ‘दुसरा निवेदक खरंच लागतो का?’ असे उत्तर देता येण्याजोगे प्रश्न लिहा.

माणूस कसा शोधायचा

आपल्या कादंबरीच्या जातकुळीची, गेल्या दहा-बारा वर्षांतली पाच-सहा पुस्तकं घ्या आणि त्यांचं श्रेयपान आणि ऋणनिर्देश वाचा. लेखक संपादकाचे आभार मानतात तेव्हा त्यानं काय केलं तेही बहुतेक वेळा सांगतात. ‘तिसऱ्यांदा लिहायला लावलं’ असं लिहिलेलं दिसलं तर ते नाव टिपून ठेवा. दुसरा मार्ग दिवाळी अंकांचा: एखादी कथा पाठवा आणि परत आलेलं उत्तर नीट वाचा. दोन ओळींचा नकार आला तरी त्यात एखादं नेमकं निरीक्षण असेल, तर त्या संपादकाशी पुढे बोलता येतं.

संस्थांकडूनही मदत मिळते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. केंद्र सरकारची ‘पीएम-युवा’ योजना २०२१ मध्ये सुरू झाली. नॅशनल बुक ट्रस्ट ती राबवतं, वयोमर्यादा तीस वर्षं आहे, आणि निवडलेल्या लेखकाला सहा महिने मार्गदर्शक आणि दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. प्रत्येक आवृत्तीचा विषय ठरलेला असतो, म्हणून अर्ज करण्याआधी विषय तपासा. हातात आहे ती कादंबरी ओढूनताणून त्या विषयात बसवू नका.

एक इशारा मात्र स्पष्ट द्यायला हवा. संपादन, मुखपृष्ठ, छपाई, ‘आयएसबीएन’ (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) आणि प्रकाशन समारंभ अशी सगळी मोट एका रकमेत बांधून देणाऱ्यांकडे संहिता-संपादन बहुधा नावापुरतंच असतं. भारतात ‘आयएसबीएन’ राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे लावले जात असतील तर बाकीच्या आकड्यांकडेही बारकाईनं बघा. ज्या प्रकाशकानं पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापायला स्वीकारलं आहे, त्याच्या संपादकाचं मानधन लेखकानं द्यायचं नसतं.

नमुना-संपादन

पूर्ण संहिता सोपवण्याआधी पाच हजार शब्द नमुन्यासाठी द्या आणि त्या कामाचे पैसे द्या. पहिलं प्रकरण देऊ नका. ते तुम्ही दहा वेळा घासलेलं असतं. मधलं, स्वतःला अवघड गेलेलं प्रकरण द्या, सोबत सारांश.

परत आलेल्या कागदांवर तीन गोष्टी बघा. नोंदी ‘का’ सांगतात की फक्त ‘कंटाळवाणं’, ‘प्रभावी नाही’ असे शेरे आहेत? तुमचं वाक्य दुरुस्त केल्यावर ते तुमचंच राहिलं, की संपादकाच्या लिखाणासारखं वाटायला लागलं? आणि त्याला दिसलेली कादंबरी तुम्ही लिहायला घेतलेली कादंबरीच आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर संपादक कितीही नावाजलेला असला तरी थांबा. सगळं आवडलं असं सांगणाऱ्याकडेही पैसे देऊन जाऊ नका.

आधी लिहून घ्यायच्या गोष्टी

ओळखीतून काम ठरलं की लिखापढी करायला संकोच वाटतो, आणि पुढे नाती बिघडतात ती त्यामुळेच. एक ईमेल पुरते, दोघांनी ‘मान्य’ म्हटलेली. त्यात शब्दसंख्या, मानधन शब्दामागे की पानामागे की ठोक, हप्ते, अहवाल कधी मिळणार, पुनर्लेखनानंतर दुसरं वाचन यात धरलंय की नाही, आणि काम मधेच थांबलं तर किती पैसे द्यायचे हे असावं. हप्त्यांचं साधं गणित असं: एक तृतीयांश सुरुवातीला, एक तृतीयांश अहवाल हाती आल्यावर, उरलेले दुसऱ्या वाचनानंतर. साठ ते ऐंशी हजार शब्दांच्या संहितेला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत करून देतो म्हणणारा एकदाच वाचणार, हे गृहीत धरा.

हक्कांबद्दल एक ओळ हवीच: ‘संहितेचे सर्व हक्क लेखकाकडे राहतील.’ १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहिणाऱ्याचा असतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. सूचना केल्यामुळे संपादक सहलेखक होत नाही. पण त्यानं पानंच्या पानं स्वतः लिहून दिली तर वाद निघू शकतो, म्हणून तसं लिहून घेऊ नका. संहिता दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही आणि तुम्हाला विचारल्याशिवाय कुठल्या एआय साधनात टाकायची नाही, हेही आजकाल लिहावं लागतं.

अहवाल हातात आल्यावर

पाच ते पंधरा पानांचं पत्र येतं आणि संहितेच्या समासात शंभर-दोनशे नोंदी असतात. पहिल्या दिवशी फक्त पत्र वाचा. समासातल्या नोंदी उघडू नका आणि दोन-तीन दिवस उत्तर पाठवू नका. ‘मिळालं, वाचतोय’ एवढा निरोप पुरेसा आहे. त्या दिवसांत मनात प्रत्येक मुद्द्याचं खंडन तयार होतं. होऊ द्या. ते कुठेतरी लिहून ठेवा आणि आठवड्यानं पुन्हा बघा, त्यातलं जे टिकेल तो खरा मतभेद.

मग तक्ता करा: सूचना, पान, वाचकाची अडचण काय, संपादकानं सुचवलेला उपाय काय, मी काय करणार. तिसरा आणि चौथा रकाना वेगळे ठेवणं हे या सगळ्या प्रक्रियेतलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य आहे. वाचक कुठे अडखळतो हे संपादकाला तुमच्यापेक्षा जास्त अचूक कळतं. तिथे काय करायचं हे मात्र बहुतेक वेळा तुम्हालाच जास्त चांगलं कळतं, कारण पुस्तकात न आलेलं पात्रांचं उरलेलं आयुष्य फक्त तुम्हाला माहीत असतं.

एक नमुना घेऊ. कोकणातल्या घरात वडिलांच्या तेराव्यासाठी तीन भावंडं जमली आहेत, घर विकायचं की ठेवायचं हा प्रश्न आहे. तिसऱ्या प्रकरणात आठ पानं वडिलांच्या मुंबईतल्या गिरणीच्या दिवसांची. समासात नोंद येते: ‘गोष्ट इथे थांबते. हा भूतकाळ काढून टाका किंवा पुढे न्या.’ नवा लेखक यावर दोनपैकी एक करतो. मुकाट्यानं आठही पानं उडवतो, किंवा ‘ही पानं म्हणजे कादंबरीचा आत्मा आहे’ असं सांगून नोंद फेटाळतो. दोन्हीत तोटा आहे.

अडचण एवढीच आहे की वडिलांच्या भूतकाळाबद्दल वाचकानं अजून काही विचारलेलंच नाही. मग प्रश्न आधी निर्माण करा. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी धाकट्याच्या हातात सातबारा येतो आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात घरात कुणी कधी न उच्चारलेलं एका बाईचं नाव दिसतं. आता गिरणीचे दिवस वाचकाला हवे आहेत. ती पानं जागेवरच राहतात, आठाची साडेतीन होतात, कारण ज्या तपशिलाचा त्या नावाशी संबंध नाही तो आपोआप गळतो. संपादकाचा उपाय नाकारला, अडचण मात्र पूर्ण मान्य केली.

त्याच प्रकरणात आणखी एक बारीक नोंद असू शकते: ‘तेराव्याच्या दिवशीच वारसांची नावं सातबाऱ्यावर कशी चढली?’ इथे वाद घालायला जागा नाही. वारसनोंदीसाठी अर्ज द्यावा लागतो, फेरफार धरल्यावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते, मग नोंद मंजूर होते. कथानकाचा काळ महिनाभरानं वाढवावा लागतो, नाहीतर नोंद प्रलंबित ठेवावी लागते. नोंद प्रलंबित ठेवली तर भावंडांमधल्या ताणाला आयतं कारण मिळतं. चांगल्या संपादकाच्या तथ्यविषयक शंका कधी कधी अशा उपयोगी पडतात.

पुनर्लेखन कोणत्या क्रमानं

मोठ्याकडून लहानाकडे. आधी रचना: काय काढायचं, काय हलवायचं, काय नव्यानं लिहायचं. हे प्रसंगांच्या यादीवरच करून बघा, फाइलला हात लावू नका. यादी पटली की फाइलची प्रत काढून प्रसंग हलवा. मग पात्रं: एका वेळी एक पात्र धरा आणि त्याचे सगळे प्रसंग सलग वाचा. मग निवेदन. वाक्यांकडे शेवटी वळा. समासातली नोंद क्रमांक एकपासून एकेक सोडवत जाणं सोयीचं वाटतं, पण त्यात पहिला आठवडा स्वल्पविराम आणि विशेषणांवर जातो आणि रचनेचा प्रश्न आला की तीच पानं रद्द होतात.

उडवलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. तो परत वापरला जाईलच असं नाही, पण हाताशी आहे म्हटलं की कापताना हात थरथरत नाही.

अर्थ न लागलेल्या सूचनांची यादी करून संपादकाशी एकदाच तासभर बोला. रोज व्हॉट्सॲपवर एकेक प्रश्न टाकला की दोघंही थकतात, आणि उत्तरांत सुसंगती राहत नाही. बोलताना ‘मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तोंडात आलं की थांबा आणि ते लिहून घ्या. कादंबरीत नेमकं तेच उतरलेलं नसतं.

मतभेद, विशेषतः बोलीबद्दल

मराठीत सगळ्यात जास्त खटके उडतात ते बोलीवरून. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा आगरी बोलणाऱ्या पात्रांचे संवाद ‘वाचकाला कळणार नाहीत’ म्हणून प्रमाण मराठीत आणायला सांगितलं जातं. इथे सरसकट मान तुकवू नका. आधी तपासा: अडचण बोलीची आहे की लेखनातल्या विसंगतीची? एकाच पात्राच्या तोंडी एका पानावर ‘व्हता’ आणि पुढच्या पानावर ‘होता’ आलं तर वाचक अडखळतोच, आणि दोष बोलीला जातो. प्रत्येक पात्राचे पंधरा-वीस ठरावीक शब्द आणि क्रियापदांची रूपं लिहून काढा, ती शेवटपर्यंत पाळा. अवघड शब्दाचा अर्थ पुढच्या संवादातून किंवा कृतीतून उलगडू द्या. तळटीपा अगदीच गरज असेल तिथे. एवढं करून मग संपादकाला एक प्रकरण पुन्हा वाचायला द्या, हरकत बहुतेक वेळा मावळते.

संपादकाच्या अभिरुचीलाही मर्यादा असते. १९६९ मध्ये, प्रस्थापित मासिकांना पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या राजा ढाले आणि इतरांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, ती त्या अभिरुचीत आपलं जगणं आणि आपली भाषा बसत नाही म्हणूनच. तेव्हा नकार द्यायला हरकत नाही, पण कारण लिहून द्या. एकूण सूचनांपैकी निम्म्याहून जास्त फेटाळाव्याशा वाटत असतील, तर एकतर निवड चुकली आहे किंवा तुम्हाला अजून थोडा वेळ हवा आहे. आणि एकच सूचना दोन वेगळ्या वाचकांकडून आली, तर ती पटत नसली तरी त्या पानावर काहीतरी करावंच लागतं.

दुसरं वाचन

पुनर्लेखनाला दोन ते चार महिने लागतात. दुसऱ्या वाचनासाठी नव्या फाइलबरोबर तुमचा तक्ताही पाठवा, म्हणजे काय केलं, काय केलं नाही आणि का, हे शोधण्यात संपादकाचे दिवस जात नाहीत. नवे लिहिलेले प्रसंग वेगळ्या रंगात दाखवा. ते पहिल्यांदाच वाचले जाणार असतात आणि सगळ्यात कच्चे असतात. यावेळचा अहवाल दोन-तीन पानांचाच असायला हवा. त्यात पुन्हा मूळ रचनेचेच प्रश्न आले तर तिसरी फेरी लगेच सुरू करू नका, संहिता महिनाभर बाजूला ठेवा.

रचना पक्की झाली की भाषा-संपादकासाठी एक शब्दसूची बनवा: विशेषनामांची लेखनं, बोलीतली ठरलेली रूपं, आणि निवेदन ‘केले’ असं चालणार की ‘केलं’ असं, याचा एकदाच घेतलेला निर्णय. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखन-नियमांपासून (१९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार) जिथे जाणूनबुजून फारकत घेतली आहे, ती ठिकाणंही नोंदवा. ही सूची नसली की भाषा-संपादक आणि मुद्रितशोधक आपापल्या परीनं सगळं ‘शुद्ध’ करतात, आणि महिनोन्‌महिने खपून जुळवलेला ‘व्हता’ शेवटच्या प्रुफात ‘होता’ होऊन येतो.